इस्त्रीच्या वायरला टेप चालेल का?

प्रश्न : इस्त्रीची वायर प्लगजवळ चिरली आहे, आतलं तांबं दिसतं. काळी टेप गुंडाळून काम भागेल का?

उत्तर : नाही. ही वायर तापते आणि सतत वाकते. उष्णतेने टेपचा गोंद मऊ पडतो, वेढे सरकतात आणि 230 व्होल्टची तार उघडी पडते. चीर प्लगला लागूनच असेल, तर तेवढा तुकडा कापून नवा थ्री-पिन टॉप बसवून घ्या. मध्येच असेल, तर अख्खी वायर बदला.

टेप जोड झाकते, धरून ठेवत नाही. म्हणून जिथे टेप चालते, तो स्विचबोर्डातला जोडही आधी कनेक्टरने किंवा घट्ट पीळ देऊन पक्का हवा. मेन बंद करा. त्याआधी टेस्टर चालू पॉइंटवर तपासा, मगच त्यावर विसंबा. वायर कोरडी पुसा. टेप किंचित ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर येईल अशी, दोन्हीकडच्या शाबूत आवरणापर्यंत गुंडाळा. शेवटचा वेढा मात्र न ताणता चिकटवा, नाहीतर टोक सुटतं.

सेलोटेप कधीच नको. गीझर, पाण्याचा पंप किंवा करपलेली वायर असेल, तर परवानाधारक वायरमनलाच बोलवा.