काळी माती राखेचं पाणी अडवेल का?

मी कॉन्व्हेंटमधला, मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या!

आमच्या अंजनगाव सुर्जीला उन्हाळ्यात शेतातल्या भेगांत हात जातो. सॉइल मेकॅनिक्स शिकताना त्या आठवल्या. अकोला जिल्ह्यातल्या पारससारख्या औष्णिक वीज केंद्रांतून कोळशाची राख निघते. राखेच्या तळ्यातलं आर्सेनिक, बोरॉन विहिरींत उतरू नये म्हणून तळाशी चिकणमाती दाबून बसवतात. पार्यता सेकंदाला सेंटीमीटरचा एक कोट्यांश आणि ग्रेडियंट १ धरला, तर वर्षाला जेमतेम ३ सेंटीमीटर पाणी झिरपतं. काळी माती ओलेपणी फुगून इतकी घट्ट होऊ शकते. पण वाळली की तडकते आणि लॅबमधला आकडा खोटा ठरतो. बेंटोनाइट मिसळलं तरी राखेतलं कॅल्शियम त्याचं फुगणं कमी करतं. म्हणून मित्रांनो, टेस्ट राखेच्याच पाण्याने करा आणि थर उघडा वाळू देऊ नका. खालची विहीर कुणाच्या तरी घरची असते!