भाठ्यावरचे गवत

भिलाईनजीकचे जामुल शिवनाथ नदीच्या खोऱ्यात, छत्तीसगढच्या सपाट मैदानावर वसले आहे. येथे वर्षाकाठी सुमारे 1,200 मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. मे महिन्यात पारा कित्येकदा 45 अंशांपर्यंत चढतो. उष्ण कटिबंधातील सॅव्हाना हवामानाचे लक्षण हेच होय : तेथे वनस्पतींची खरी कसोटी दीर्घ अवर्षणकाळात लागते.

या काळाशी प्रत्येक वनस्पतीने आपापल्या परीने जुळवून घेतले आहे. पळस पाने ढाळतो आणि निष्पर्ण फांद्यांवरच फुलतो. भातखाचरांच्या बांधांवरील बाभूळ खोल मुळांनी ओलावा शोधते. गवत वरून वाळते, पण त्याची मुळे जिवंत राहतात व पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतात.

येथील शेतकरी जमिनीच्या चढउतारानुसार तिला निरनिराळी नावे देतात. सखल भागातील काळी, ओल धरणारी जमीन ती कन्हार. उंचावरील मुरमाड जमीन ती भाठा. भाठ्यावर पाणी ठरत नाही, म्हणून तेथे गवतच टिकते आणि त्यावर गुरे चरतात. अशा माळाला पडीक समजून तेथे दाट वृक्षलागवड केली, तर ऊन न मिळाल्याने हे गवत खुरटते, आणि गुरांचा चाराही त्याबरोबर जातो.