निरोपाचें दार : सेवेस जाणाऱ्या मुलांचे आईबाप

वाचावयाचे शास्त्रभाग : १ शमुवेल १:२१–२८ व २:१८–२१, मार्क १:१६–२० व ७:९–१३, प्रेषितांचीं कृत्यें १३:१–३ व २१:३–१४.

सुवार्तेच्या सेवेस निघालेल्यांविषयीं आपण पुष्कळ पाठ शिकतों. परंतु त्यांस घरून निरोप देणाऱ्या आईबापांविषयीं फारच थोडे शिकतों. पवित्र शास्त्र मात्र त्यांस विसरलें नाहीं. हन्नेचें नांव त्यांत आहे, जब्दीचें नांव आहे, आणि सोर येथील ज्या बायकामुलांनीं पौलास समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोंचविलें त्यांचाहि उल्लेख आहे. आज आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतूनहि कोणी मुलगा उपदेशक म्हणून, कोणी मुलगी परिचारिका म्हणून, दूरच्या प्रांतीं प्रभूच्या सेवेस जाते. तेव्हां ज्यांनीं विमान केवळ आकाशांत पाहिलें आहे असे आईबाप रात्रीच्या एस. टी. नें मुंबईस किंवा पुण्यास जातात आणि विमानतळाच्या दाराशीं उभे राहतात. मुलास पाठविण्यापूर्वीं त्यांनीं काय पाहावें, दाराशीं काय करावें, आणि घरीं परतल्यावर त्यांचें व मंडळीचें कर्तव्य काय, हें आजच्या पाठांत पाहूं.

१. पाठविण्यापूर्वीं

बर्णबा व शौल हे आपल्याच मनानें निघून गेले नाहींत. अंत्युखिया येथील मंडळी उपास व उपासना करीत असतां पवित्र आत्म्यानें त्यांस निवडलें; मग मंडळीनें प्रार्थना करून व त्यांजवर हात ठेवून त्यांची रवानगी केली. पुढें चौदाव्या अध्यायाच्या शेवटीं ते परत येऊन त्याच मंडळीस सर्व हकीकत सांगतात. पाठविणारा कोण आणि हिशेब कोणास द्यावयाचा, हें तेथें अगदीं स्पष्ट होतें.

म्हणून ज्या घरचें मूल निघालें आहे त्या घरानें निःसंकोचपणें विचारावें : पाठविणारी मंडळी किंवा संस्था कोणती? काम कोठें, व कोणाच्या देखरेखीखालीं? चरितार्थ कसा चालेल? दुखणें आलें तर जबाबदार कोण? असें विचारणें हा अविश्वास नव्हे. सेवेचें नांव सांगून भोळ्या कुटुंबांस फसविणारेहि जगांत आहेत. खरा पाठविणारा असल्या प्रश्नांनीं रागावत नाहीं.

आईबापांची संमति हीहि हलकी गोष्ट नाहीं. नवस हन्नेनें केला होता, तरी एलकानानें तिच्या बेतास होकार दिला हें शास्त्रानें मुद्दाम लिहून ठेविलें आहे (१ शमुवेल १:२३). उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे कीं, कोणत्याहि घरास चारचौघांसमोर भीड घालून होकार मिळवूं नये. भिडेनें दिलेलें मूल हें अर्पण नव्हे.

२. दाराशीं

पूर्वीं दूरच्या प्रवासाचा निरोप बंदराच्या धक्क्यावर होत असे, आणि गलबत दिसेनासें होईपर्यंत पाहत राहतां येत असे. विमानतळाची रीत निराळी आहे. आपल्या देशांत तिकीट व ओळखपत्र दाखविल्यावांचून पहाऱ्यावरील शिपाई कोणास सहसा इमारतींत सोडीत नाहींत. म्हणून खरा निरोप दाराबाहेर, सामानाच्या गाड्यांच्या गर्दींत, थोड्या मिनिटांत उरकावा लागतो. सामानाचेंहि वजन ठरलेलें असतें. देशांतल्या देशांत बहुधा १५ किलो. म्हणून घरींच पिशवी तोलून कांहीं काढून ठेवावें लागतें, आणि जें निघतें तो पुष्कळदां आईनें केलेल्या लाडवांचा डबा असतो. अशा वेळीं तिचे डोळे भरून आले तर नवल काय?

कांहीं बंधु म्हणतात कीं, देवास दिल्यावर रडणें हें अल्पविश्वासाचें लक्षण होय. शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. मिलेत येथें इफिसचे वडील पौलाच्या गळ्यांत पडून फार रडले (प्रे. कृत्यें २०:३७), आणि पौलानें त्यांस शब्दानेंहि दोष दिला नाहीं. सोर येथें सर्व मंडळी बायकामुलांसह किनाऱ्यावर आली, तेथें त्यांनीं गुडघे टेकून प्रार्थना केली, मग तो तारवांत चढला व तीं आपापल्या घरीं गेलीं. परंतु कैसरीया येथें मित्र रडून त्यास जाऊं नको म्हणून विनवूं लागले, तेव्हां मात्र त्यानें त्यांस थांबविलें. कारण त्या रडण्यानें त्याचें हृदय खचूं लागलें होतें (२१:१२–१३). आसवें दोन्हींकडे होतीं. एके ठिकाणीं तीं वाटेस लावणारीं होतीं, दुसऱ्या ठिकाणीं वाट अडविणारीं. आणि कैसरीयाच्या मित्रांचेंहि भलें म्हटलें पाहिजे कीं, शेवटीं त्यांनीं प्रभूची इच्छा होवो असें म्हणून मौन धरलें.

तेव्हां आईनें रडावें, बापानेंहि रडावें. परंतु त्या थोड्या मिनिटांत मुलास दोष देऊं नये, कर्जाची गोष्ट काढूं नये, आणि "आम्हांस कोणाच्या भरंवशावर सोडून जातोस?" हा प्रश्न दाराशीं विचारूं नये. तो प्रश्न खरा आहे. त्याचा विचार आपण पुढें करणार आहों. पण त्याची जागा घर व मंडळी ही आहे. दाराशीं मुलाच्या डोक्यावर हात ठेवावा, लहानशी प्रार्थना करावी, आणि आशीर्वाद देऊन त्यास आंत जाऊं द्यावें.

३. घरीं परतल्यावर

हन्नेची गोष्ट आपण शिलो येथें संपवितों. शास्त्र तेथें संपवीत नाहीं. शमुवेल देवाच्या घरीं राहिल्यावरहि ती दरवर्षीं त्याच्यासाठीं एक लहानसा झगा करी, आणि पतीबरोबर वार्षिक यज्ञास जाई तेव्हां त्यास नेऊन देई (१ शमुवेल २:१९). या एका वचनावर आम्हीं पुष्कळ वेळां विचार केला आहे. वाढत्या मुलास गेल्या वर्षींचा झगा यंदा होत नाहीं. ज्या मुलास ती वर्षांतून एकदां पाहत असे, त्याची उंची, त्याच्या खांद्यांची रुंदी तिनें घरीं बसून मनांत मापिली असली पाहिजे. म्हणजे तिनें मूल दिलें, पण आईपण टाकून दिलें नाहीं. अर्पण दाराशीं पुरें होत नाहीं. तें तेथें सुरू होतें.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ती दरवर्षीं झगा घेऊन गेली, पण त्यास परत आणावयास एकदांहि गेली नाहीं. आज आपल्या हातीं फोन आहे. हन्नेस वर्षानें जें मिळे तें आपणांस रोज मिळूं शकतें. हें मोठें सुख आहे, परंतु त्याच फोनवर रोज रडून "कधीं येतोस?" असें विचारीत राहिलें, तर मूल देहानें तेथें व मनानें येथें असें दुभंगतें. फोनवर गांवची खुशाली सांगावी, पेरणी झाली कीं नाहीं तें सांगावें, तो ज्या लोकांत राहतो त्यांचीं नांवें विचारावीं व घरच्या प्रार्थनेंत तीं घ्यावीं. ज्यास लिहितां येतें त्यानें महिन्यास एक पत्रहि लिहावें. हा आपला दरवर्षींचा झगा होय.

४. एका गलबतावरील दोन मुली

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत मेरिमॅक नदीच्या दोन तीरांवर ब्रॅडफर्ड व हॅव्हरिल अशीं दोन गांवें होतीं. एकांत ॲन हॅसेल्टाइन राहत असे, दुसऱ्यांत हॅरिएट ॲटवुड. दोघी एकाच शाळेंत शिकलेल्या. १८१० सालीं ॲडोनिराम जडसन या तरुणानें ॲनच्या बापास पत्र लिहून तिला मागणी घातली. त्यानें कांहीं लपविलें नाहीं. या जगांत मुलीची पुन्हां भेट न होण्यास, आणि समुद्राचे धोके, उष्ण देशाची हवा, दारिद्र्य, छळ, कदाचित् क्रूर मरणहि तिच्या वांट्यास येण्यास तुमची संमति आहे काय, असें त्यानें उघड विचारलें. बापानें निर्णय मुलीवर सोंपविला. हॅरिएटची आई विधवा होती. तिनेंहि मुलीस अडविलें नाहीं. १९ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलम बंदरांतून ‘कॅरव्हान’ नांवाच्या गलबतानें दोघी आपापल्या पतींसह निघाल्या. कलकत्त्यास पोंचण्यास सुमारें चार महिने लागले.

पुढें काय झालें? कंपनी सरकारनें त्यांस राहूं दिलें नाहीं. हॅरिएट ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं मॉरिशस बेटावर मरण पावली. तिचें वय अवघें १९ वर्षांचें होतें, आणि प्रवासांत जन्मलेलें तिचें बाळ तिच्या आधींच गेलें होतें. ॲन ब्रह्मदेशांत गेली, १८२२ सालीं दुखण्यामुळें मायदेशीं आली, आईबापांस भेटली, पुन्हां सेवेस परतली, व १८२६ सालीं ब्रह्मदेशांतच वारली. ज्या बापानें पुन्हां भेट न होण्याची तयारी केली होती त्यास भेट झाली. त्या विधवेस झाली नाहीं. एकीचा विश्वास अधिक व दुसरीचा उणा म्हणून असें झालें, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. प्रत्येक मूल सुखरूप परत येईल असें वचन प्रभूनें दिलेलें नाहीं. मी सर्वदा बरोबर आहें, हें वचन त्यानें दिलें आहे (मत्तय २८:२०). आईबापांस जें वचन नाहीं तें आपण वक्त्यांनीं देऊं नये, व जें आहे तें त्यांजपासून लपवूं नये.

या गोष्टीशीं आपला जवळचा संबंध आहे. त्याच महिन्यांत फिलाडेल्फियाहून दुसऱ्या गलबतानें गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट निघाले, आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस पोंचले. अमेरिकन मराठी मिशनाचा आरंभ तो हाच. हॅरिएटचा पती सॅम्युएल न्यूएल १८१४ सालीं त्यांस मुंबईंत येऊन मिळाला व १८२१ सालीं तेथेंच पटकीनें वारला. हॉलहि १८२६ सालीं नाशिकाकडील दौऱ्यांत पटकीनेंच गेला. कोणा आईबापांनीं बंदरावर निरोप दिला, त्या निरोपाचें दुसरें टोंक म्हणजे आपण होय. आज आपल्या मुलास निरोप देतांना, त्याचेंहि दुसरें टोंक कोठें तरी, अजून न पाहिलेल्या कोणा घरांत असेल, हें ध्यानांत धरावें.

५. मागें राहिलेल्यांचें काय?

आतां तो राखून ठेविलेला प्रश्न. याकोब व योहान प्रभूमागें गेले तेव्हां बाप जब्दी तारवांत राहिला. परंतु मार्क लिहितो कीं तो चाकरांसह राहिला (१:२०). जाळें ओढावयास हात शिल्लक होते. आपल्या घरीं बहुधा चाकर नसतात. एकुलता मुलगा गेला तर नांगर कोण धरील? म्हाताऱ्या आईस तालुक्याच्या दवाखान्यांत कोण नेईल?

देवाचें नांव पुढें करून हा प्रश्न बंद करितां येत नाहीं. जे आपली मिळकत ‘कुर्बान’ म्हणून आईबापांचें पोषण टाळीत, त्यांस प्रभूनें कडक शब्द लाविले आहेत (मार्क ७:९–१३). आणि स्वतः वधस्तंभावर असतांहि त्यानें आपल्या आईस शिष्याच्या हवालीं केलें (योहान १९:२६–२७). यावरून आम्हांस असें वाटतें कीं, जी मंडळी एखाद्या घरचें मूल सेवेस मागते, तिनें त्या घरीं मूल होऊन राहिलें पाहिजे. नाहींतर तिनें मागूं नये.

हें श्रीमंत मंडळ्यांनाच शक्य आहे असें कोणी म्हणेल. मिझोरम प्रांताकडे पाहा. तेथें लॉरेन व सॅव्हिज हे दोन मिशनरी ११ जानेवारी १८९४ रोजीं पोंचले. १९१० पासून तेथील ख्रिस्ती बायका स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर तांदूळ देवकार्यासाठीं बाजूस काढूं लागल्या. ही चाल अजून चालू आहे, आणि त्या डोंगरी मंडळ्या आज इतर प्रांतीं व परदेशींहि आपलीं माणसें पाठवितात. तांदुळाची मूठ असो कीं ज्वारीची, ती रोज निघाली पाहिजे. पहिल्या रविवारीं हार घालणें सोपें आहे. तिसऱ्या वर्षीं त्या घरच्या म्हातारीचें औषध आणून देणें हें अर्पण होय.

विचारासाठीं प्रश्न

(१) सोर व कैसरीया येथील आसवांत भेद कोणता?
(२) हन्नेनें झगा दरवर्षीं नवा कां केला? आपला झगा कोणता?
(३) आपल्या मंडळींतून सेवेस गेलेल्यांचे आईबाप कोण? गेल्या महिन्यांत त्यांच्या घरीं कोण गेलें होतें?
(४) पेरणीच्या व आजारपणाच्या वेळीं त्यांस मदत करण्याचें काम कोणी पत्करावें? पाठ संपण्यापूर्वीं नांवें लिहून घ्या.

उपदेशक बंधूंनीं हा पाठ शिकविल्यावर त्या आठवड्यांत अशा एका तरी घरीं जावें, तेथें बसून जेवावें, आणि त्या मुलाचें किंवा मुलीचें नांव घेऊन आईबापांबरोबर प्रार्थना करावी.