कच्ची चिठ्ठी

‘बिल के साथ चाहिए तो अठरा टका ज्यादा लगेगा, अंकल,’ दुकानदार म्हणाला आणि मी मनातल्या मनात हिशेब केला. 46,000 वर 8,280 रुपये. 2023 चा जुलै होता. मुलीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सुरू होत होतं, फी नुकतीच भरली होती. मी म्हटलं, राहू दे बिल. त्याने पॅडच्या एका पानावर कॉम्प्युटरच्या भागांची नावं लिहिली, खाली रक्कम घातली. वर छापलेलं होतं ‘एस्टिमेट’. 30,000 यूपीआयने दिले, उरलेले रोख. ती चिठ्ठी मी कपाटात नीट जपून ठेवली, जणू तीच पावती.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायचा तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जायचं, ही मुंबईची जुनी रीत. मी मात्र मुद्दाम घराजवळचं दुकान धरलं. बिघडला तर सीपीयू घेऊन लोकलने ग्रँट रोड गाठणं या वयात जमणार नाही, असा विचार केला. तो विचार मला आजही चुकीचा वाटत नाही. चूक अशी झाली, की दुकान जवळ आहे म्हणजे सर्व्हिसही जवळ आहे, असं मी धरून चाललो. ‘एक वर्ष सर्व्हिस फ्री’ हे शब्द मी कानांनी ऐकले होते. त्यांचा अर्थ विचारला नव्हता.

ऑगस्टमध्ये पडदा काळा पडू लागला. पंखा फिरत राहायचा, पडद्यावर काही नाही. फोन केला तर उत्तर आलं, ‘घेऊन या.’ फ्री सर्व्हिस होती ती दुकानात नेल्यावर. घरी माणूस यायचा असेल तर प्रत्येक फेरीचे 500 रुपये वेगळे. पहिल्या वेळी दुकानातल्या मुलाने रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर घासला, परत बसवली आणि यंत्र सुरू झालं. पावसाळी दमट हवेत त्या पट्टीवर थर बसतो, हे त्याने सांगितलं ते खरंच आहे. पण दहा दिवसांत पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी निदान बदललं. मदरबोर्ड गेलाय, कंपनीकडे पाठवावा लागेल, सीपीयू ठेवून जा.

मी ठेवून आलो. हातात एक कागद नाही, साधी पोचसुद्धा नाही. पाच आठवडे ‘बोर्ड कंपनीतून आला नाही’ एवढंच ऐकत होतो. मुलगी सबमिशनसाठी मैत्रिणीकडे भांडुपला जात होती. ऑक्टोबरच्या मध्यावर यंत्र घरी आलं. सुरू केलं तर डेस्कटॉप कोरा. ‘विंडोज नवीन टाकून दिलंय, अंकल, एकदम मक्खन.’

सी ड्राइव्ह कोरा, डी ड्राइव्हही कोरा. मुलीचे प्रोजेक्ट कॉलेजच्या मेलवर असल्यामुळे वाचले. माझ्या वडिलांचं बोलणं गेलं. 2017 मध्ये, ते असताना, मी त्यांना रोज संध्याकाळी बोलतं करून रेकॉर्ड करत असे: राजापूरजवळचं गाव, बोटीने मुंबईला येणं, गिरणीतली पहिली पाळी. तीन तासांहून जास्त होतं. जुन्या कॉम्प्युटरवरून मी ते नव्यावर हलवलं आणि जुना भंगारात दिला. दुकानदाराला विचारलं, तर त्याने शांतपणे सांगितलं की डेटाची जबाबदारी आमची नसते. तो खोटं बोलत नव्हता. मोठमोठ्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरमध्येही यंत्र देताना सही घेतात त्या कागदावर हेच वाक्य असतं. वॉरंटी डिस्कला असते, डिस्कवर जे ठेवलं आहे त्याला नसते. मला हे पन्नाशीनंतर कळलं. तुम्हाला आज कळावं म्हणून इथे लिहितो आहे.

यानंतर महिन्याभराने भाचा घरी आला होता. कॉम्प्युटर इतका रेंगाळतो का, म्हणून त्याने टास्क मॅनेजर उघडला. रॅम 8 जीबी. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं 16. कुठल्या फेरीत बदलली, की पहिल्यापासूनच आठची होती, हे मी सिद्ध करू शकत नव्हतो. चिठ्ठीवर ना कंपनीचं नाव, ना सिरियल नंबर. हार्ड डिस्कवरचा नंबर भाच्याने उत्पादक कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला, तर तिची वॉरंटी आमच्या खरेदीच्या आठ महिने आधीच सुरू झालेली. तारखेचं पक्कं बिल असतं तर निदान भांडता आलं असतं.

मार्ग सुचवला तो पत्नीने. ती मुंबई ग्राहक पंचायतीच्या आमच्या गल्लीतल्या संघात आहे. महिन्याचा किराणा एका घरी उतरतो आणि बायका तो वाटून घेतात, हे उपनगरांतल्या कितीतरी मराठी घरांना माहीत आहे. 1975 साली सुरू झालेली ही संस्था तक्रारींबाबत मार्गदर्शनही करते, हे मात्र मी विसरलो होतो. तिथे मला जे समजलं ते असं. बिल नसलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. यूपीआयची नोंद हा पुरावा आहे, ‘बोर्ड कंपनीत आहे’ हे दुकानदाराचे व्हॉट्सअॅपवरचे मेसेज हा पुरावा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही स्वतःच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा, आणि बिलात मुदत नसेल तर 30 दिवस धरले जातात. म्हणजे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातली पाटी सदोष मालाला लागूच होत नाही.

मी पत्र लिहिलं. चढा आवाज नाही, दूषणं नाहीत. कोणत्या तारखेला किती पैसे दिले, कोणत्या तारखांना यंत्र नेलं, काय सांगितलं गेलं आणि पंधरा दिवसांत काय हवं आहे, एवढंच. स्पीड पोस्टाने पाठवलं, पावती जपली. सहाव्या दिवशी दुकानातून फोन आला. बोर्ड बदलून मिळाला, पक्कं बिलही मिळालं. त्यासाठी जीएसटीचे पैसे मी भरले आणि ते भरायलाच हवे होते. रॅम मिळाली नाही. नंबर नव्हता, त्यावर मला बोलता येईना. ती मी विकत घेऊन बसवली.

पत्राने भागलं नसतं तर पुढची वाटही फार अवघड नव्हती. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या सगळ्यांचा उपनगर जिल्हा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. 2025 पासून ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही तक्रार दाखल होते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची, तेव्हा ‘बघू, बघू’ करत बसू नका. एक सापळा मात्र सांगून ठेवतो. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाने जीएसटी परत मिळेल म्हणून घरचा कॉम्प्युटर आपल्या फर्मच्या नावावर घेतला. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार असेल तर गोष्ट वेगळी. घरच्या वस्तूचं बिल घरच्या माणसाच्या नावावरच घ्या.

मागच्या वर्षी पत्नीसाठी लॅपटॉप घेतला तेव्हा मी पैसे काढण्याआधी तीन प्रश्न विचारले आणि उत्तरं बिलाच्या मागे लिहून शिक्का मारून घेतला. सर्व्हिस घरी की सेंटरवर? सुटा भाग कोण देणार, दुकान की कंपनी? दुरुस्तीला वेळ लागला तर बदली यंत्र मिळेल का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ होतं. तेही लिहून घेतलं, निदान भ्रम नको. विंडोज परवान्याची असल्याचंही बिलात आलं. असेंबल केलेल्या यंत्रात बहुतेकदा चोरीची प्रत टाकून देतात आणि ती बिघडली की दोष आपल्या माथी येतो. असेंबल करणंच वाईट असं मी म्हणणार नाही. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, प्रोसेसरला तीन वर्षं आणि किरकोळ भागाला एकच, असंही असतं. म्हणून प्रत्येक भाग बिलात सिरियल नंबरासकट यायला हवा.

यंत्र बिघडलं की ‘व्होल्टेज प्रॉब्लेम’ हे दुकानदाराचं हमखास उत्तर. मुलुंडला वीज महावितरणची, तिकडे अंधेरी-बोरिवलीला अदानीची, पण ग्राहकाला मिळणारं उत्तर एकच. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि आत अर्थिंगची वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या आणि त्याची पावती ठेवा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, तीही बघत जा.

यंत्र दुरुस्तीला देताना जॉबशीट घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तिच्यावर मॉडेल, रॅम, डिस्क, तक्रार, तारीख, घेणाऱ्याची सही. उघडता येत असेल तर आतल्या नंबरांचे मोबाइलवर फोटो काढा. ब्रँडचा टोल-फ्री नंबर गुगलवर शोधू नका, बिलावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवर बघा. सर्चमध्ये वर येणारे कितीतरी नंबर ठगांचे असतात. ‘रिफंडसाठी हे ॲप टाका’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. आणि काम झाल्याशिवाय तक्रार बंद करण्याचा ओटीपी देऊ नका. दुरुस्तीला आलेला माणूस चांगला असतो, बिचाऱ्याला दिवसाचे कॉल संपवायचे असतात, पण ओटीपी दिला की कंपनीच्या नोंदीत तुमचं यंत्र दुरुस्त झालेलं असतं.

वडिलांच्या बोलण्यातली अकरा मिनिटं माझ्या आतेबहिणीच्या फोनमध्ये सापडली. 2017 मध्येच मी तिला व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. बोटीच्या प्रवासाचा भाग आहे तो. आता तो पेनड्राइव्हवर, गुगल ड्राइव्हवर आणि भावाच्या घरी, असा तीन ठिकाणी आहे.