हुकमाची दुर्री आणि पत्त्यांतली पिशाच्चे

(द्वितीय वर्ष, कला)

मेंढीकोट खेळणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. हुकमाची दुर्री परक्या रंगाच्या एक्क्यालाही मारते. लहान पानाला मोठेपण येते ते डावाच्या नियमामुळे. हा विचार मनाशी धरून एका परदेशी पत्त्यांच्या खेळातील खोडकर पिशाच्चांचा परिचय प्रस्तुत लेखात करून द्यावयाचा आहे.

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा तो खेळ. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तो रचला आणि 1993 साली तो अमेरिकेत बाजारात आला. यात सर्वांचा कॅट एकच नसतो. पाने विकत घेऊन, आपसांत अदलाबदल करून प्रत्येकाने निदान 60 पानांचा स्वतःचा कॅट बांधावयाचा असतो. जमिनीची साधी पाने वगळता एका नावाची चारपेक्षा अधिक पाने चालत नाहीत. दोघे समोरासमोर बसतात, प्रत्येकाला 20 प्राण मिळतात, आणि प्रतिस्पर्ध्याचे प्राण शून्यावर आणणारा जिंकतो. जमिनीची पाने मांडली की शक्ती मिळते, आणि ती खर्चून प्राणी, योद्धे, राक्षस रणांगणात उतरवता येतात.

या खेळातील पाच रंगांपैकी तांबडा रंग अग्नीचा, संतापाचा आणि डोंगरांचा. ‘गॉब्लिन’ नावाची बुटकी, उपद्व्यापी पिशाच्चे प्रामुख्याने याच रंगात आढळतात. पहिल्याच संचातील ‘मॉन्सेस गॉब्लिन रेडर्स’ हे पान पाहावे. एका डोंगराच्या शक्तीवर ते उतरते, त्याचा मार एक आणि सहनशक्तीही एक. दुसरा कोणताही गुण त्याच्या अंगी नाही. त्याच संचात फुग्यात बसून उडू पाहणारी गॉब्लिनांची एक पलटणही आहे. असे हे चित्र पाहून हसू यावे, ही चित्रकाराची आणि खेळ रचणाऱ्याची इच्छाच दिसते.

परंतु हसण्यामागचा हिशेब निराळा आहे. 1994 सालच्या ‘गॉब्लिन ग्रेनेड’ या पानाचा नियम असा की, आपलाच एक गॉब्लिन बळी द्यावा आणि समोरच्यावर पाचाचा मार करावा. चार पाने, चार गॉब्लिन, चार पंचे वीस. समोरच्याचे सर्व प्राण संपले! 2012 सालचा ‘क्रेंको’ हा गॉब्लिनांचा म्होरक्या तर आपल्या बाजूला जितके गॉब्लिन असतील तितकेच नवे निर्माण करतो. एकाचे दोन, दोनांचे चार, चारांचे आठ. थोडक्यात, गॉब्लिनचे बळ संख्येत आहे आणि त्याचा उपयोग बळी जाण्यात आहे. ही नवी पिलावळ मोजावयाची असते, तिला निराळी नावे नसतात.

आपल्याकडची पिशाच्चे या कसोटीवर लावून पाहिली तर फरक ध्यानात येतो. वेताळ हा भुतांचा राजा, आणि गॉब्लिनांनाही ‘गॉब्लिन किंग’ आहे. त्याच्या छत्राखाली प्रत्येकाचे बळ एकाने वाढते. येथवर साम्य आहे. पण आपला मुंजा घ्या. मुंज झालेला, परंतु सोडमुंजीपूर्वीच वारलेला मुलगा पिंपळावर राहतो, अशी लोकसमजूत आहे. 2024 साली ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने त्याला देशभर नेले. मुंजा खोड्या करतो, पण त्याच्या खोडीमागे एक अपुरे आयुष्य असते. म्हणूनच आजी त्याची गोष्ट सांगते तेव्हा भीतीबरोबर थोडी कीवही वाटते. गॉब्लिनला मागचे आयुष्यच दिलेले नाही. त्यामुळे त्याला बळी देताना हात थबकत नाही.

सावंतवाडीच्या गंजिफांतही लहान पानांचा विचार झाला आहे. ही कला लोप पावत असता शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला नवे जीवन दिले. दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि 120 गोल पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा ठिपक्यांची पाने. पैकी मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह व वामन या पाच रंगांत राजा-प्रधानानंतर एक्का श्रेष्ठ आणि दहा सर्वांत कनिष्ठ. उरलेल्या पाचांत याच्या उलट. म्हणजे अर्ध्या खेळात लहानाचा मान राखला आहे, आणि तोही बळी न देता.

हा विषय मला केवळ करमणुकीचा वाटत नाही. माझे वडील चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर आहेत. सकाळी फाटकावर ठेकेदाराचा माणूस विचारतो, “आज किती आले?” कोण आले, हे विचारत नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत अशी मोजली जाणारी माणसे पुष्कळ आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांची फी त्यांच्याच रोजंदारीतून भरली जाते.

खेळात संख्या मोजण्यावाचून गत्यंतर नसते, हे मान्य. गॉब्लिन कागदाचा आहे; त्याला बळी दिल्याने कोणाच्या घरची चूल विझत नाही. पण कागदावरची सवय फाटकापर्यंत येऊ नये. वाचकहो, लहान पान हातात आले तर ते फेकण्यापूर्वी डावाचा नियम कोणी केला, एवढे अवश्य विचारावे. हुकूम कोणता हे पान ठरवीत नाही. ते खेळणारे ठरवतात.