हृदय व वृक्क : औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकविताना

शिर, हृदय आणि बस्ति या तीन मर्मांचा विचार चरकाचार्यांनी एकत्र केला आहे. चिकित्सास्थानात व सिद्धिस्थानात या त्रिमर्मांवर अध्याय आहेत, हे वैद्यबंधूंना सांगावयास नको. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेचा विद्यार्थी मात्र आमच्याकडे येतो तेव्हा त्याच्या वहीत हृदय एका प्रकरणात असते आणि वृक्क दुसऱ्या. दोन्ही प्रकरणे त्याला पाठ असतात, पण ती एकमेकांशी बोलत नाहीत. पदविकेसाठी किमान ५०० तासांचे व्यावहारिक प्रशिक्षण आवश्यक असते. त्या काळात दादर, परळ, लालबाग भागांतील औषधालयांत उमेदवारी करणाऱ्या मुलांचे छोटे वर्ग आम्ही घेतो. त्या अध्यापनाचा अनुभव प्रस्तुत लेखात मांडीत आहोत.

हृदयाचा पाठ आम्ही परळपासूनच सुरू करतो. के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील सर्पगंधेचा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यानंतर पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे खऱ्या अर्थाने वळले. त्यापूर्वी १९३१ मध्ये कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंत तिचा उपयोग नोंदविला होता. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातील क्षाराभ वेगळे काढून त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलिन’ हे नाव दिले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत रिसर्पिन हाती आले आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. ज्या रुग्णालयावरून आपण रोज बसने जातो तेथल्या माणसाचे हे काम आहे असे सांगितले की, मुले वही मिटून ऐकू लागतात.

मग मुख्य मुद्दा येतो. नॉरॲड्रेनॅलिन हे द्रव्य चेतातंतूंच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत साठविलेले असते. रिसर्पिन या पिशव्या भरू देत नाही. बंदरावरील गोदामात माल भरणाऱ्या हमालांनी काम थांबविले, तर गोदाम त्याच दिवशी रिकामे होत नाही; असलेला माल संपेपर्यंत दुकाने चालतात. म्हणूनच सर्पगंधेचा गुण सावकाश दिसतो आणि औषध बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. रक्तवाहिन्या सैल पडतात, नाडी मंदावते, नाक चोंदते. मोठ्या मात्रेत मनही खिन्न होते. सुरुवातीच्या काळातील अशा अनुभवांमुळेच रिसर्पिन पुढे मागे पडले. आज झोपेसाठी सर्पगंधा घनवटी मागणारा ग्राहक ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेत असेल तर त्याच्या नाडीचे काय होईल, हा आमच्या परीक्षेतील नेहमीचा प्रश्न आहे. ग्रंथातील गुणधर्म पाठ असलेली मुलेही येथे अडखळतात.

वृक्काचा पाठ अधिक अवघड आहे आणि त्याचे एक कारण आपल्याच शास्त्रात आहे. चरकाचार्यांनी वृक्क हे मेदोवह स्रोतसाचे मूळ सांगितले आहे. मूत्रवहाचे मूळ बस्ति व वंक्षण. या दोन भाषा ओढून-ताणून एक करण्याचा खटाटोप वर्गात करू नये, असे आमचे मत आहे. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते आणि त्यातील पाचवा हिस्सा किंवा थोडे अधिक, मुठीएवढ्या दोन वृक्कांकडे जाते. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. मूत्र होते दीड लिटरच्या आसपास. उरलेले सर्व परत घेतले जाते. हे परत घेणे ज्याला समजले त्याला मूत्रल औषधे समजली.

वृक्काकडे येणारा दाब घटला की तेथून रेनिन स्रवते, त्यातून अँजिओटेन्सिन व पुढे अल्डोस्टेरॉन वाढते, आणि मीठ व पाणी शरीरात अडविले जाते. दाब रक्तस्रावाने घटला की दुर्बळ हृदयामुळे, हे वृक्काला कळत नाही. ते दोन्ही वेळी तेच करते. म्हणून हृदय थकलेल्या रुग्णाच्या पायांवर शोथ येतो. अल्डोस्टेरॉन सोडियम अडविताना पोटॅशियम मूत्रात सोडते. रामिप्रिल, लोसार्टान यांनी अल्डोस्टेरॉन घटते, स्पायरोनोलॅक्टोनने त्याची क्रियाच रोखली जाते. तिन्ही वेळी पोटॅशियम मागे राहते. रक्तात ते लिटरला साडेतीन ते पाच मिलिइक्विव्हॅलंट असावे. फार वाढले तर हृदय थांबू शकते, आणि तेही फारशी पूर्वसूचना न देता.

हे सर्व शिकविणाऱ्या आमच्याच हातून काही वर्षांपूर्वी चूक झाली. लालबागमधील एक साठी उलटलेले गृहस्थ मूत्रदाहाची तक्रार घेऊन आले. “प्रेशरची गोळी चालू आहे,” एवढे ते म्हणाले. आम्ही कागद पाहिला नाही. श्वेतपर्पटी एक ग्रॅम, दिवसातून दोनदा, अशी चिठ्ठी दिली. औषधालयात आमच्या वर्गातील मुलगा उभा होता. पिशवीतून चिठ्ठीबरोबर रुग्णालयाचा कागदही बाहेर आला आणि त्याने तो वाचला. मालकांना थांबवून त्याने आम्हांस दूरध्वनी केला : “सर, लोसार्टान आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे, क्रिएटिनिन २.४ आहे. पर्पटी देऊ का?”

अर्थातच नाही. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले, तेव्हा क्षाराचा कणही पोटात गेलेला नसताना पोटॅशियम ५.७ होते. रुग्णास आम्ही चिठ्ठी परत घेऊन त्यांच्या रुग्णालयातील डॉक्टरांकडे पाठविले.

श्वेतपर्पटीत सोऱ्याचा भाग सर्वांत मोठा. एक ग्रॅम सोऱ्यात सुमारे ३८५ मिलिग्रॅम पोटॅशियम असते. म्हणजे आमच्या चिठ्ठीने रोज ६०० मिलिग्रॅमहून अधिक गेले असते, जवळजवळ एका शहाळ्याच्या पाण्याएवढे. रुग्णालयाने त्या गृहस्थांना शहाळे वर्ज्य केले होते! यवक्षार मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. शुद्ध असल्यास ग्रॅमला ५६५ मिलिग्रॅम. निरोगी वृक्क हे सहज बाहेर टाकतो, हेही मुलांना सांगावे, नाहीतर ती क्षारमात्राला घाबरू लागतात.

उलट दिशेचे उदाहरण ज्येष्ठमधाचे. दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेतल्यास ते अल्डोस्टेरॉन वाढल्यासारखा परिणाम करते : मीठ अडते, रक्तदाब चढतो, पोटॅशियम घटते. रुग्ण फ्युरोसेमाइड घेत असेल तर घट दुहेरी होते, आणि सोबत डिगॉक्सिन असेल तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. खोकल्यासाठी चार दिवस चघळलेल्या काडीची गोष्ट वेगळी.

त्या प्रसंगानंतर आम्ही चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात चालू ॲलोपॅथिक औषधे व शेवटचे क्रिएटिनिन लिहू लागलो. गिरगाव व दादरच्या काही औषधालयांनी क्षारयुक्त कल्प देण्यापूर्वी हा कोपरा पाहण्याची पद्धत ठेवली आहे. एका वर्गात लगेच शंका आली : चंद्रप्रभा वटीतही यवक्षार आहे, मग तीही थांबवावी काय? आम्ही फळ्यावर पाठ मांडला. गुग्गुळ व शिलाजतु यांच्या मानाने त्यात यवक्षाराचा भाग अत्यल्प. पाचशे मिलिग्रॅमच्या एका गोळीत तो जेमतेम तीन-चार मिलिग्रॅम निघतो. हे गणित मुलांनी स्वतः करून पाहिले, आणि मग त्यांनी कपाटातील इतर कल्पांच्या पाठांची यादी मागितली.