जंतरमंतरवर अमेरिकेचा इतिहास

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, घरीच शिकते. अमेरिकेचा इतिहास घोकंपट्टीशिवाय कसा शिकवावा? – एक आई, जयपूर

उत्तर : सुरुवात जंतरमंतरवर करावी. तिथल्या सम्राट यंत्राची, म्हणजे महाकाय सूर्यघड्याळाची, सावली मिनिटाला सुमारे सहा सेंटिमीटर सरकते. मुलीने यंत्रावरची आणि मनगटी घड्याळातली वेळ वहीत शेजारीशेजारी लिहावी. फरक सरासरी २७ मिनिटांचा, ऋतूनुसार कमीजास्त. कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि जयपूर त्याच्या बरेच पश्चिमेला.

स्थानिक आणि प्रमाणवेळेतल्या या फरकावरूनच अमेरिकेकडे वळावे. तिथेही पूर्वी गावोगावी आपापली मध्यान्ह असे. रेल्वे आली नि वेळापत्रकांचा विचका झाला. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वे कंपन्यांनीच प्रमाणवेळ लागू केली; सरकारी कायदा आला थेट १९१८ मध्ये! कंपन्या पुढे, सरकार मागे – हा धागा मुलीशी जरूर बोलावा. घरी नकाशा घेऊन एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने न्यूयॉर्क आणि शिकागोच्या स्थानिक वेळा काढाव्यात, मग दोन्हींमधल्या गाडीचे वेळापत्रक तिलाच बनवू द्यावे. चिडचिड होईल. व्हायलाच हवी.

पुढच्या आठवड्यात आलेख कागदावर दोन आखीव शहरे काढावीत : १६८२ चे फिलाडेल्फिया आणि १७२७ चे जयपूर. चौक कुठे, बाजार कुठे, तटबंदी कोणाला लागली, हे तिनेच शोधावे.